तुम्ही विचारलंत: नॅरोगेजचे रूळ आणि ते राखणारी अवजारं

मागच्या अंकात राज्यातल्या जुन्या छोट्या रेल्वेमार्गांची माहिती दिली होती. त्यानंतर आलेली पत्रं इंजिनांपेक्षा रुळांबद्दलच जास्त निघाली, म्हणून यावेळचं सदर पूर्ण रुळांना दिलं आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या जुन्या गोठ्याचे दोन खांब रुळाचे आहेत. आजोबांनी लिलावात घेतले होते म्हणतात. हे रूळ बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेमार्गाचे असतील का? ओळखायचं कसं?
– एक वाचक, कुर्डुवाडी

आधी खांबावर काही कोरलंय का ते पाहा. रुळाच्या उभ्या पट्टीवर, म्हणजे डोकं आणि तळ यांच्या मधल्या भागावर, कारखान्यात रूळ लाटतानाच उठावाची अक्षरं उमटवलेली असतात. त्यांत कारखान्याचं नाव, रुळाचा प्रकार आणि साल असतं. आपल्याकडच्या प्रमाणित रुळांवर महिना रोमन आकड्यात येतो. रंगाचे थर चढले असतील तर ताराच्या ब्रशने साफ करा, ग्राइंडर लावू नका. अक्षरांचा उठाव थोडाच असतो, ग्राइंडरने तो निघून जातो. साफ झाल्यावर खडू आडवा फिरवला की अक्षरं पांढरी उठून दिसतात. एका रुळावर हा मजकूर पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे एका ठिकाणी गंजला असेल तर दुसरीकडे शोधा.

अक्षरं नसली तर वजन करा. जुने रूळ दर यार्डाला किती पौंड यावर ओळखले जात. एक फुटाचा सुटा तुकडा मिळाला तर त्याचं किलोतलं वजन 6.6 ने गुणा, पौंडांचा आकडा मिळतो. तुकडा साडेचार किलोचा भरला तर तो 30 पौंडी रूळ. साडेतेरा किलोच्या आसपास भरला तर 90 पौंडी, म्हणजे ब्रॉडगेजचा. 90 पुढे 'आर' हे अक्षर असेल तर ते सुधारित ब्रिटिश प्रमाणाचं. गंज आणि झीज यांमुळे वजन कमीच भरणार, म्हणून जवळच्या वरच्या प्रकाराकडे झुकतं माप द्या.

बार्शी लाइटवर हलकाच रूळ असणार, हे गृहीत धरायला कारण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897 मध्ये सुरू केलेला हा 762 मिलिमीटर गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) मार्ग एका हिशोबावर उभा होता: कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो, मालडबा असो, मर्यादा तीच. चाकं वाढवून भार पसरवला की हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो. मात्र फक्त वजनावरून 'हा बार्शी लाइटचाच' असं म्हणता येणार नाही, कारण 30 पौंडी रूळ साखर कारखान्यांच्या, खाणींच्या आणि बंदरांच्या ट्रॉलीमार्गांवरही असत.

लिलावाची पावती असेल तर जपून ठेवा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध 1966 चा कायदा आहे आणि तो रुळाच्या तुकड्यालाही लागू होतो.

माथेरानच्या गाडीत वळणावर चाकं कर्कश किंचाळतात. तेल कमी पडतं का? आणि इतकी वळणं एका रेषेत राखतात कशी?
– एक वाचक, नेरळ (अशाच आशयाची पत्रं बदलापूर आणि पुण्याहूनही)

तेलाने आवाज कमी होतो, पण मूळ कारण वेगळं आहे. रेल्वेची दोन्ही चाकं एका आसावर पक्की बसवलेली असतात, दोघांना सारखंच फिरावं लागतं. वळणावर मात्र बाहेरचा रूळ लांब असतो. काटकोनात वळणाऱ्या मार्गावर, दोन फुटी गेजमध्ये, बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे 1 मीटरने लांब भरतो. वळण मोठं असो की छोटं, काटकोनाला हा फरक तेवढाच राहतो. मोठ्या वळणात तो लांब अंतरावर वाटला जातो आणि चाकाच्या उतरत्या आकारामुळे भरून निघतो. माथेरानला सर्वांत तीव्र वळणांची त्रिज्या 60 फूट, म्हणजे जेमतेम 18 मीटर आहे. तिथे चाकाचा उतार पुरत नाही. एक चाक रुळावर घसरतंच आणि त्या घसरण्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. शिवाय पुढच्या चाकाची कड बाहेरच्या रुळाला आतून घासते.

1907 मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हा ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची जी वाफेची इंजिनं आणली, त्यांत यावर सुरेख तोड होती. क्लीन-लिंडनर पद्धतीत टोकाच्या आसांवर पोकळ नळीसारखा दुसरा आस असे, आणि त्यामुळे ती चाकं वळणासोबत थोडी सरकू आणि वळू शकत. इंजिनाने वळण सोपं केलं तरी रुळाची झीज राहतेच. बाहेरच्या रुळाच्या डोक्याची आतली बाजू झिजते, तर आतल्या रुळाचं डोकं चेपून पसरतं. झीज मापताना फक्त उंची घेणाऱ्यांना म्हणूनच निम्मीच गोष्ट कळते. बाजूची झीजही मापायला हवी.

ग्रीस लावायचं ते बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला. रुळाच्या माथ्यावर ते येता कामा नये. 1:20 च्या चढावर माथ्याला ग्रीस लागलं तर चढताना चाकं जागीच गरगरतात आणि उतरताना ब्रेक धरत नाहीत. पट्टी किंवा ब्रशने, हात आवरून लावायचं काम आहे हे.

आता रेष. वळण मापायचं अवजार म्हणजे एक दोरी आणि एक पट्टी. रुळाच्या आतल्या कडेवर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणायची आणि मधोमध दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर मोजायचं. या अंतराला व्हर्साइन म्हणतात. सूत्र सोपं आहे: दोरीची लांबी मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा, 125 ने गुणा, त्रिज्येने भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. ब्रॉडगेजवर 20 मीटरची दोरी वापरतात. 18 मीटर त्रिज्येला ती निरुपयोगी आहे, तिथे आखूड दोरीच हवी. 3 मीटरची घेतली तर व्हर्साइन साडेबासष्ट मिलिमीटर यायला हवं.

दर दीड मीटरला बाहेरच्या रुळावर रंगाने खूण करा, म्हणजे प्रत्येक खूण एकदा मधला बिंदू होते. समजा लागोपाठ तीन खुणांवर 60, 75 आणि 53 आलं. मधे रूळ बाहेर फुगलाय. मधली खूण 12 मिलिमीटर आत ढकलली की तिचं व्हर्साइन 12 ने कमी होऊन 63 होतं आणि शेजारच्या दोन्ही खुणांचं प्रत्येकी 6 ने वाढतं. आता 66, 63, 59. बेरीज आधीही 188 होती, आताही 188 आहे. हा ताळा जमला नाही तर कुठेतरी वाचनात चूक आहे. कागदावर हिशोब पूर्ण झाल्याशिवाय पहार हातात घ्यायची नाही, नाहीतर गँग, म्हणजे रूळ दुरुस्त करणारी टोळी, एक फुगवटा काढून शेजारी दुसरा तयार करते.

ढकलताना पहार खडीत खोल रोवायची आणि उभ्या रेषेपासून 30 अंशांपेक्षा जास्त तिरकी धरायची नाही. जास्त तिरकी धरली की रूळ सरकण्याऐवजी उचलला जातो. खाली खडी घुसते आणि तो भाग कायमचा वर राहतो. मुकादम रुळावर वाकून दुरून बघत हाताने खुणा करतो तो याच वेळी. ढकलणाऱ्यांना जवळून काहीच कळत नसतं.

आणखी एक गोष्ट. इतक्या तीव्र वळणात सरळ रूळ नुसता ओढून बसवला तर सांध्यावर कोपर निघतं. रूळ आधी वाकवून घ्यावा लागतो. त्यासाठी 'जिम क्रो' हा तीन बिंदूंवर दाब देणारा शिकंजा असतो: दोन नख्या रुळाला धरतात, मधला स्क्रू दाबतो. थोडंथोडं, अंतराअंतरावर दाबत जायचं, कारण स्क्रू सोडला की रूळ काही प्रमाणात परत येतो. रुळाचं टोक मात्र या शिकंजात वाकत नाही, दोन्ही नख्यांना जागाच मिळत नाही. म्हणून थोडा लांब रूळ वाकवून सरळ राहिलेलं टोक कापतात आणि मग भोकं पाडतात. हलका रूळ आहे म्हणून आगीने तापवून वाकवायचा मोह टाळा. तापवलेल्या जागी पोलाद बदलतं आणि पुढे तिथेच तडा जातो.

बीटरने (खडी ठोकायच्या हाती अवजाराने) खडी ठोकणारी माणसं आता दिसत नाहीत. यंत्राने काम चांगलं होत असेल तर जुन्या मार्गांवरही तेच का वापरत नाहीत?
– एक वाचक, नागपूर

ब्रॉडगेजवर यंत्राला तोड नाही. ऑस्ट्रियाच्या प्लासर अँड थॉयरर कंपनीने 1953 पासून ही यंत्रं बनवायला घेतली आणि साठच्या दशकात ती भारतात आली. यंत्राची दातं खडीत उतरतात, सेकंदाला 35 वेळा थरथरतात आणि थरथरत असतानाच स्लीपरखाली (रूळ ज्यांवर बसतात त्या आडव्या तुळयांखाली) खडी दाबतात. पण हे धूड दोन फुटी किंवा अडीच फुटी गेजवर मावत नाही, त्याचा भार हलका रूळ पेलत नाही, 18 मीटरच्या वळणात ते वळत नाही. खडी ठोकणारी छोटी, हातात धरायची टॅम्पर यंत्रं वापरता येतात. तरी जुनी, भेगाळलेली लाकडी स्लीपर जिथे आहेत तिथे आमचं मत बीटरच्या बाजूचं आहे, कारण हाताला स्लीपर कळतं.

काम कसं करायचं ते सविस्तर सांगतो, कारण ठोकण्याइतकंच ठोकण्याआधीचं काम महत्त्वाचं आहे. आधी खडी उकरायची. रुळाच्या दोन्ही बाजूंना, नॅरोगेजवर 250 मिलिमीटरपर्यंत (ब्रॉडगेजवर 450), आणि स्लीपरच्या तळाखाली सुमारे 50 मिलिमीटर खोल. एका वेळी 30 स्लीपरांपेक्षा जास्त उघडी ठेवायची नाहीत, कारण उघडी लाइन बाजूला सरकायला मोकळी असते आणि उन्हात तर हमखास सरकते. मग रूळ, खिळे, स्लीपर तपासा. तिरपी झालेली स्लीपरं काटकोनात आणा. रेष दुरुस्त करा. गेज बसवा. हे सगळं झाल्यावर बीटर.

एका स्लीपरला चार माणसं लागतात, दोघं एका रुळाजवळ आणि दोघं दुसऱ्या. एका रुळाजवळचे दोघे स्लीपरच्या विरुद्ध बाजूंना उभे राहतात आणि समोरासमोर न येता तिरके ठोकतात, जेणेकरून एकाचा घाव दुसऱ्याची खडी बाहेर लोटत नाही. बीटर छातीपर्यंत उचलायचा आणि घाव रुळाच्या बरोबर खालून सुरू करून बाहेर न्यायचा.

स्लीपरच्या मधल्या भागाखाली ठोकायचं नाही. हौशी मंडळींची सर्वांत मोठी चूक हीच असते. मधे खडी घट्ट झाली की स्लीपर मधल्या टेकूवर झुलणाऱ्या सी-सॉसारखं होतं. गाडी डोलते, लाकडी स्लीपर मधोमध फुटतं. दुसरी चूक म्हणजे बीटर स्लीपरच्या कडेवर आपटणं. लाकडाची कड तुटून तिथे पाणी मुरतं. तिसरी, गोल झालेली जुनी खडी तशीच ठोकत राहणं. धारदार कोनांची खडी एकमेकींत अडकते, गोटे मात्र पहिल्या गाडीखाली निसटतात. अशी खडी चाळून बदलायला हवी.

सांध्याच्या दोन्ही बाजूंची स्लीपरं दुसऱ्यांदा ठोकायची. चाक एका रुळावरून दुसऱ्यावर उतरताना सांध्यावर घाव बसतो, सांधा किंचित खाली बसतो, त्यामुळे पुढचा घाव आणखी जोरात बसतो. जुन्या लाइनची जवळजवळ सगळी दुखणी सांध्यापासून सुरू होतात. नवीन, लांब जोडलेल्या रुळांची सवय झालेल्या इंजिनिअरांना हे पटायला वेळ लागतो.

ठोकून झाल्यावर लाकडी हातोड्याने स्लीपर वाजवून पाहा. ठणक भरीव आली तर खडी बसली, पोकळ आली तर पुन्हा. मग खडी परत भरून घ्या.

स्टेशनाजवळ जुन्या साइडिंगमध्ये लोखंडी मोठ्या ताटल्या रुळाखाली दिसतात, मधे एक पट्टी. ही स्लीपरं आहेत का?
– एक वाचक, मूर्तिजापूर

होय. त्यांना सीएसटी-9 म्हणतात. दोन बिडाच्या ताटल्या, त्यांना जोडणारी एक टायबार, टायबार अडकवायला चार कॉटर आणि रूळ धरायला चार चाव्या, एवढा संच. चांगलं लाकूड महाग आणि दुर्मिळ झालं तेव्हा हा प्रकार भारतात फार मोठ्या प्रमाणात वापरला गेला. कॉटर पुढेमागे करून गेज थोडं कमीजास्त करता येतं, ही त्यांची खुबी.

दोष दोन. बीड ठिसूळ असतं. रुळावरून घसरलेल्या चाकाखाली ताटली काचेसारखी फुटते. आणि चाव्या सुटतात. म्हणून कीमन रोज आपल्या हद्दीत चालत फिरून सुटलेल्या चाव्या परत ठोकत असे. दुहेरी मार्गावर चाव्या गाडीच्या दिशेने ठोकायच्या, कारण रूळही त्याच दिशेने सरकू पाहतो. एकेरी मार्गावर आळीपाळीने उलट दिशांनी. चावी सैल लागली म्हणून घणाचे दणके देत राहिलं तर ताटलीचा कान तुटतो. बसायची जागा झिजली असेल तर पातळ लायनर घालून चावी बसवतात.

हाताने वर-खाली दांडा मारत चालवायची ट्रॉली आपल्याकडे होती का?
– एक विद्यार्थी, मिरज

ती प्रामुख्याने अमेरिकेची. तिथे मैलोन्मैल निर्मनुष्य मार्ग आणि मजूर महाग, म्हणून दांड्याची हँडकार आणि नंतर पेट्रोलवर चालणारी स्पीडर आली. मिनेसोटातल्या फेअरमाँट कंपनीच्या जुन्या स्पीडरला उलटं जायचा गिअर नसे. टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू केलं की गाडी मागे जाई.

आपल्याकडे चालली ती ढकलट्रॉली. लाकडी फळ्या, बसायला बाक, हातब्रेक, वर छत्री. चार ट्रॉलीमन. दोघं रुळाच्या माथ्यावरून धावत ढकलतात, उतार लागला की उडी मारून बसतात. मागून गाडी आली की चौघांनी मिळून ट्रॉली उचलून बाजूला ठेवायची, म्हणून तिचं वजन चौघांच्या आवाक्यातलंच हवं. रुळांतून वीज खेळवून गाडीची जागा ओळखणारी सिग्नलव्यवस्था जिथे असते, तिथे ट्रॉलीची चाकं आसापासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असतात, नाहीतर ट्रॉली गेली तरी सिग्नल लाल होईल. याचा दुसरा अर्थ असा की सिग्नलला ट्रॉली दिसतच नाही. म्हणून लाल झेंडे, पुढे माणूस आणि स्टेशनमास्तरशी आधी बोलणं हे नियम कडक असतात.

बंद पडलेली नॅरोगेज लाइन पर्यटनासाठी थोड्या अंतरावर पुन्हा चालवायची झाली तर कामाचा क्रम काय असावा? आमच्या मनात यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला आहे.
– रेल्वेप्रेमींचा एक गट, यवतमाळ

शकुंतलेवर 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत चाललं, त्यानंतर डिझेल आलं. परवानगी आणि सुरक्षेची तपासणी रेल्वेची, ती झाल्याशिवाय रुळाला हात लावता येणार नाही. आम्ही फक्त कामाबद्दल सांगतो.

पहिलं काम पाण्याचं. लोक आधी झुडपं तोडून रूळ घासायला घेतात, कारण ते फोटोत दिसतं. पण विदर्भातल्या काळ्या मातीत गटारं बुजलेली असताना वर कितीही खडी घाला, पहिल्या पावसात माती फुगून खडीत वर येते आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते. आधी दोन्ही बाजूंची गटारं, मग मोऱ्या, मग झाडं. मुळं उपटताना बांध पोखरू नये. मोठं झाड जमिनीलगत कापावं.

त्यानंतर स्लीपरं. लाकडी असतील तर टोकदार हातोड्याने रुळाखालची जागा टोचून पाहा. वरून कोरडं दिसणारं लाकूड खिळ्याच्या भोकातून आत कुजलेलं असतं. एखादं कुजकं स्लीपर चालून जातं, लागोपाठ दोन-तीन मात्र नाही, कारण तिथेच गेज पसरतं आणि चाक दोन रुळांमध्ये पडतं. खिळा सैल असेल तर त्याच भोकात जाड खिळा ठोकू नका. भोकात डांबरात बुडवलेली लाकडी खुंटी ठोकून बुजवा आणि नवं भोक पाडा.

मग सांधे. थंडीच्या दिवसांत, एकेक करून. फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) काढा, गंज खरवडा, भोकाभोवती रुळाला तडा आहे का ते भिंगाने आणि आरशाने पाहा, ग्रॅफाइट आणि रॉकेलचा घट्ट लेप लावा, परत बसवा. आधी मधले दोन बोल्ट आवळा, मग टोकाचे. सांध्यात फट हवीच. 10 मीटरचा रूळ 15 अंशांवरून 60 अंशांवर गेला तर 5 मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो, आणि विदर्भाच्या मे महिन्यात रूळ 60 अंशांना पोचणं अवघड नाही. बरीच वर्षं पडून असलेल्या लाइनवर फटी एका टोकाला सगळ्या मिटलेल्या आणि दुसऱ्या टोकाला भरपूर उघड्या सापडतात. त्या आधी वाटून घ्याव्या लागतात. तसं न करता बोल्ट आवळले तर उन्हाळ्यात लाइन सापासारखी वाकते.

शेवटी गेज आणि पातळी. पहिल्या फेऱ्या रिकाम्या ढकलट्रॉलीच्या, मग भरलेल्या डब्याच्या, इंजिन सगळ्यांत शेवटी, आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा माप.

तुम्ही जुन्या बाजारातून गेज-लेव्हल, म्हणजे गेज आणि दोन रुळांची पातळी मापायचा दांडा, घेतल्याचं लिहिलंय. ती वापरण्याआधी तपासा. एकाच जागी रुळांवर ठेवून वाचन घ्या, मग टोकं उलटी करून त्याच खुणांवर पुन्हा ठेवा. डावा रूळ एकदा 10 आणि उलटवल्यावर 4 मिलिमीटर उंच दाखवला, तर खरा फरक 7 आणि लेव्हलमधली चूक 3 मिलिमीटर. बुडबुड्याचा स्क्रू फिरवून ती चूक काढा. स्क्रू गंजून बसला असेल तर हा 3 चा आकडा दांड्यावर रंगाने लिहून ठेवा, आणि कोणतं टोक डावीकडे धरायचं त्याचीही खूण करा.